हृदयाचे ठोके निरनिराळ्या जागी का ऐकतात?

प्रश्न : हृदय एकच असताना डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवर वेगवेगळ्या ठिकाणी का ठेवतात आणि मध्येच दीर्घ श्वास घ्यायला का सांगतात? माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या तपासणीत ‘मर्मर’ ऐकू आला, परंतु तो निरुपद्रवी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हृदयात जास्तीचा आवाज असूनही काळजी नको, हे कसे?

उत्तर : हृदयाचा ‘लब-डब’ हा मुख्यतः झडपा मिटताना होणारा आवाज आहे, निरोगी झडप उघडते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. शरीराकडून आलेले रक्त उजव्या अलिंदातून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) आणि तेथून फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन परतलेले रक्त डाव्या अलिंदातून डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीवाटे शरीरभर पोहोचते. दोन्ही निलये आकुंचन पावू लागताच रक्त मागे अलिंदांत शिरू नये म्हणून त्यांच्यामधल्या झडपा मिटतात, तो ‘लब’. आकुंचन संपल्यावर महाधमनी व फुप्फुस धमनी यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो ‘डब’. आवाज केवळ झडपांची पाती एकमेकांवर आपटल्यामुळे होत नाही. वेगाने निघालेले रक्त एकाएकी अडते आणि त्या धक्क्याने झडपा, हृदयाच्या भिंती व रक्त हे सारेच कंप पावते.

चारही झडपा छातीच्या मधल्या हाडामागे अगदी जवळजवळ असतात. मात्र त्यांचा आवाज रक्ताच्या वाहण्याच्या दिशेने पुढे जातो, म्हणून महाधमनीची झडप उजवीकडे दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मधे, तर डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधली द्विदल झडप हृदयाच्या टोकाशी, डावीकडे, पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधे अधिक स्पष्ट ऐकू येते.

श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरून उजव्या निलयात जास्त रक्त येते. ते बाहेर टाकायला थोडा अधिक वेळ लागतो, फुप्फुस धमनीची झडप किंचित उशिरा मिटते आणि ‘डब’ दुभंगून ऐकू येतो. श्वास सोडताना हे दोन भाग पुन्हा जुळतात. दोन अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र असेल, तर मात्र हे अंतर श्वासाबरोबर फारसे बदलत नाही. नुसत्या कानांनी एवढा बारकावा टिपता येतो, याचे मला आजही मोठे अप्रूप वाटते.

आता मर्मर. तो ठोक्यांच्या मधल्या काळात, रक्तप्रवाहात खळबळ झाल्यामुळे उमटतो. अरुंद झालेली किंवा गळणारी झडप आणि पडद्यातील छिद्र ही त्याची कारणे असू शकतात. पण लहान मुलांची छाती पातळ असल्याने आणि रक्त जोमाने वाहत असल्याने पूर्ण निरोगी हृदयातही हळुवार मर्मर ऐकू येतो. असा निरुपद्रवी मर्मर बहुधा ‘लब’ आणि ‘डब’ यांच्या मधे, म्हणजे आकुंचनाच्या काळात येतो आणि मूल उठून बसले की बदलतो. ‘डब’नंतर, निलये शिथिल असताना येणारा मर्मर मात्र इकोकार्डिओग्राफीने (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीने) तपासून घ्यावाच लागतो.

तुमच्या डॉक्टरांनी मर्मर निरुपद्रवी ठरवला असेल, तर मुलीचे धावणे-खेळणे मुळीच थांबवू नका. तापात किंवा रक्तक्षयात तो अधिक मोठा ऐकू येतो, त्यामुळे नव्या डॉक्टरांना आधीची नोंद अवश्य दाखवा. खेळताना लवकर धाप लागणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, ओठ निळसर दिसणे किंवा वजन न वाढणे यांपैकी काही आढळले, तर पुढच्या नियमित तपासणीची वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.