२० वर्षं हायवेला ट्रक चालवलाय, आता राधानगरीकडे बॉक्साइटच्या खाणीवर टिपर घेणार आहे. ऑफ-रोड ट्रेनिंग घेऊ का?

हो, घ्या, आणि पावसाळ्याआधी घ्या. मी टिपरच चालवतो, असा कोर्स केलाय. आंबा घाट, गगनबावडा उतरवणाऱ्याला लो गिअर आणि इंजिन ब्रेक कुणी शिकवायला नको, तेवढा भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटेल. खरी अडचण पायात मुरलेल्या सवयींची. गाडी घसरली की आपला पाय ब्रेकवर जातो. ओल्या लाल मातीच्या उतारावर त्यानं चाकं लॉक होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. चढ अर्ध्यात सुटला की गाडी वळवायचा मोह होतो, तिथंच ती आडवी होते. रिव्हर्स टाकून सरळ मागं यायचं. डिफ लॉकचं (एक्सलची दोन्ही चाकं एकसारखी फिरवायला लावणारं) बटण तर सगळ्यांना माहीत असतं, पण ते चाक जागेवर फिरायला लागण्याआधी लावायचं आणि घट्ट जमिनीवर वळण्याआधी काढायचं, हे फार थोडे पाळतात. मग एक्सल तुटला की नावं कंपनीला ठेवतात. शिवाय हौदा उचलताना गाडी सपाट जागेवर हवी, हे हायवेवाल्याच्या डोक्यात येतच नाही.

फक्त पैसे भरण्याआधी विचारा: शिकवणी भरलेल्या टिपरवर आहे की जीपवर? जीपवाले चिखलात टायरची हवा कमी करायला सांगतात. भरल्या गाडीला ते करू नका, टायर तापून फुटतो.