बार्शी लाइट रेल्वेची वाघीण प्रतिकृतीत उतरवताना

प्रश्न : निवृत्तीनंतर मी १:८७ या प्रमाणात बार्शी लाइट रेल्वेचा देखावा करायला घेतला आहे. काळ १९०० च्या सुमाराचा, स्थानक कुर्डूवाडीचे, फलाटाशेजारी कापसाच्या गाठींनी भरलेल्या वाघिणी (मालडबे) आणि एका बाजूला आषाढीच्या वारकऱ्यांना घेऊन पंढरपूरला निघालेली गाडी, असा बेत आहे. माझ्याजवळ कारखान्यात काढलेले उघड्या वाघिणीचे एकच जुने छायाचित्र असून त्यात ती फिकट राखाडी दिसते. तोच रंग द्यावा का, मापे कशी काढावीत, आणि तयार मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ चालतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंगाआधी सालाचा निर्णय करावा लागेल, कारण आपल्या बेतातील दोन गोष्टी एका काळात बसत नाहीत. ही नॅरोगेज १८९७ मध्ये सुरू झाली ती केवळ बार्शी रोड ते बार्शी एवढीच. पंढरपूरचा फाटा १९०६ मध्ये, लातूरपर्यंतचा मार्ग १९११ मध्ये आणि पंढरपूर ते मिरज हा भाग १९२७ मध्ये झाला. म्हणजे १९०० च्या देखाव्यात वारकऱ्यांची गाडी पंढरपूरला जाऊ शकत नाही. गाडी हवी असेल तर साल पुढे न्यावे, आणि मग इंजिनांपासून डब्यांपर्यंत सगळे त्या सालाशी पुन्हा ताडून पाहावे. १९०० च कायम ठेवणार असाल तर फलाटावरील पाटीवर ‘कुर्डूवाडी’ नव्हे, ‘बार्शी रोड’ लिहा. त्या स्थानकाचे तेव्हाचे नाव तेच होते.

वाघिणींच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहात. या मार्गाचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीवर, ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही असे ठरवून सगळी गाडी आखली आणि मालवाहू वाघिणींसाठी २५ फूट लांब व ७ फूट रुंद असा एकच पोलादी सांगाडा वापरला. चार आसांच्या वाघिणीचे मालासह वजन त्यामुळे २० टनांपर्यंत जाऊ शके. १:८७ मध्ये हा सांगाडा ८७.६ मिलिमीटर लांब आणि २४.५ मिलिमीटर रुंद येतो, आणि एकदा तो नीट साधला की उघडी वाघीण असो वा बंद, खालचा भाग पुन्हा करावा लागत नाही. वाघीण दोन बोगींवर चालते. इथे बोगी म्हणजे बोलताना आपण अख्ख्या डब्याला म्हणतो ती नव्हे, तर डब्याखालची चार चाकांची फिरती गाडी.

हे सांगाडे लीड्स फोर्ज या कारखान्याने जाड पोलादी पत्रा दाबयंत्रात दाबून घडवले होते. पत्र्याच्या कडा दाबतानाच वळवलेल्या असल्यामुळे, कोनपट्ट्या जोडून केलेल्या सांगाड्यावर जशा रिव्हेटच्या रांगा दिसतात तशा यावर दिसत नाहीत. जिथे दोन भाग एकमेकांना भिडतात तिथेच त्या असतात. मी स्वतः पहिल्या वाघिणीवर दोन रविवार खर्चून अडीचशे रिव्हेट बसवले आणि तिसऱ्या रविवारी ते खरवडून काढले, म्हणून हे आवर्जून सांगतो. उरलेली मापे छायाचित्रावरून काढताना वाघीण अगदी बाजूने टिपलेली आहे ना, हे आधी पाहा. तशी असेल तर छायाचित्रातील सांगाड्याची लांबी मोजून ती २५ फूट धरावी आणि त्या हिशेबाने फळ्यांची उंची, बोगींमधील अंतर, दाराची रुंदी काढावी. वाघीण थोडी जरी तिरपी असेल तर कॅमेऱ्याजवळची बाजू मोठी दिसते आणि सगळा हिशेब फसतो.

आता रंग. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना छायाचित्रात बारकावे स्पष्ट उठावेत म्हणून तिला मुद्दाम राखाडी रंग देण्याची त्या काळी रीत होती, आणि प्रत्यक्ष वापरातला रंग नंतर चढे. तेव्हा आपले छायाचित्र आकाराचा उत्तम पुरावा असले तरी रंगाचा नाही. रुळावर धावणाऱ्या वाघिणीचे छायाचित्र मिळाले तरी जपून राहावे, कारण त्या वेळच्या छायाचित्रणाच्या काचा तांबडा रंग जवळजवळ टिपतच नसत आणि गेरूसारखा तांबडा रंग त्यांत काळपट उतरे. रंगासाठी लेखी उल्लेखच शोधावा लागतो. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याची रेल्वेविषयक दप्तरे आहेत, तिथून सुरुवात करा. सूचीत नाव ‘बार्सी’ असे, म्हणजे इंग्रजीत ‘एच’ न लावता शोधावे. सोलापूर जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८४ चे असल्याने त्यात ही रेल्वे सापडणार नाही, पण बार्शीच्या पेठेतील कापसाचा व्यापार समजून घ्यायला ते उपयोगी आहे.

रुळांचे अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर भरते, त्यामुळे ९ मिलिमीटरची पट्टी खुशाल वापरा. अडचण रुळाच्या उंचीची आहे. बार्शीचा रूळ दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा, उंचीला जेमतेम ३ इंच, म्हणजे प्रतिकृतीत १ मिलिमीटरहूनही कमी. बाजारातील नेहमीचा रूळ २ मिलिमीटर उंच असतो, आणि हिशेब केला तर तो आजच्या मुख्य मार्गावरील, मीटरला ६० किलो वजनाच्या रुळापेक्षाही उंच ठरतो! शक्य तितका बुटका रूळ घ्यावा. तयार पट्टीचे स्लीपरही फार आखूड आणि दाट असतात. ते बदलणे जमत नसेल तर मातीखाली दडवावेत.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथे कॅलथ्रॉप यांच्याच लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे आराखडे सहज मिळतात. ते बार्शीसाठी चालतील का?
– एक वाचक, इंग्लंड

उत्तर : घडण समजण्यासाठी चालतील, मापांसाठी नाही. स्टॅफर्डशायरमधील ती रेल्वे १९०४ ची. रुळांचे अंतर तेच असले तरी तिची इंजिने वेगळ्या चाकरचनेची होती आणि दूध हा तिचा महत्त्वाचा माल होता. तेथील खास वाघिणींवर ब्रॉडगेजहून अरुंद अशा ब्रिटिश मापाची अख्खी वाघीण चढवून नेत. बार्शी रोडला जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) ब्रॉडगेजशी गाठ पडे आणि कापसाच्या गाठी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भराव्या लागत. आपण स्थानकाची ती बाजूही दाखवणार असाल, तर १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर अंतर हवे. दुकानातील १६.५ मिलिमीटरचा रूळ तिथे टाकला, तर दोन गेजांमधला जो फरक दाखवायचा तोच आक्रसून जाईल.