सगळ्यांचे झाल्यावर उरते ते जेवण

प्रश्न : माझे वय ३९ असून मी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. पहाटे पाचला उठते, सगळ्यांचे डबे भरते आणि साडेआठला घर सोडते. तोवर माझ्या पोटात दोन कप चहा आणि एखादे बिस्कीट एवढेच गेलेले असते. दुपारी दोनला डबा खाते आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर, साडेदहाच्या सुमारास, उरलेसुरले जेवते. मंगळवार आणि गुरुवार असे दोन उपवास असतात. वर्षभरापासून जिना चढताना धाप लागते, केस गळतात आणि मुलांवर विनाकारण चिडचिड होते. शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून रोज डाळिंब खाते, पण फरक नाही. प्रोटीन पावडर सुरू करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पावडरीचा डबा तूर्त दुकानातच राहू द्या. तुम्ही सांगितलेली लक्षणे ताणामुळे आहेत असे घरातले सगळे म्हणत असतील आणि ताण आहेही. परंतु धाप, केसगळती आणि चिडचिड ही तिन्ही रक्तक्षयातही दिसतात आणि थायरॉईडच्या तक्रारीतही. त्यामुळे आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला होता. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती डॉक्टरांना मात्र अवश्य सांगा : पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? तसे असेल, तर नुसत्या आहाराने ती झीज भरून निघणे कठीण असते आणि त्यावर वेगळे उपचार लागतात.

आता डाळिंबाविषयी. आपल्या जिल्ह्याचे हे फळ, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच सोलापुरात आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध काही लिहिणे जिवावर येते. तरीही दाण्यांचा लाल रंग म्हणजे लोह नव्हे. डाळिंबात लोह अगदी थोडे असते, तर स्त्रीची रोजची गरज भारतीय शिफारशींनुसार २९ मिलिग्रॅम आहे. डाळिंब आवडते म्हणून खा, रक्त वाढावे म्हणून नको. त्या कामासाठी मटकी आणि हुलगे कितीतरी बरे, कारण या कोरड्या कडधान्यांच्या शंभर ग्रॅममध्ये आठ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. मोड आणल्यावर ते शरीराला अधिक चांगले मिळते आणि उसळीवर लिंबू पिळले की आणखी. हुलग्याचे माडगे तुमच्या सासूबाईंना नक्की येत असेल. आठवड्यातून दोनदा त्यांनाच करायला सांगा.

मात्र हे सगळे खाऊन वर लगेच चहा घेतला, तर त्यातले लोह बरेचसे वाया जाते, कारण चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात नीट शोषले जात नाही. जेवण आणि चहा यांच्यात निदान एक तासाचे अंतर हवे. पहाटेचे दोन कप तुमची भूक मारतात, म्हणूनच साडेआठपर्यंत काही खावेसे वाटत नाही, हेही लक्षात घ्या. एक कप पुरे, आणि सकाळी तव्यावरून उतरणारी पहिली भाकरी तुमची. तिच्याबरोबर दोन चमचे शेंगांची चटणी आणि वाटीभर दही घेऊन, ओट्याशी उभ्याने नव्हे तर बसून खा. ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवसासाठी कारखान्यातल्या तुमच्या टेबलाच्या खणात कडक भाकरी आणि चटणीची बरणी ठेवून द्या. आठ-पंधरा दिवस टिकणारे असे अन्न आपल्याकडे आयते असताना बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढण्याचे कारण नाही.

प्रथिनांचा हिशेब तुम्हीच करून पाहा, ते तुमचे कामच आहे. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून साधारण १५, मूठभर शेंगदाण्यांतून सात, वाटीभर उसळीतून सात-आठ, वरणातून पाच आणि दह्यातून चार-पाच ग्रॅम मिळतात. एक अंडे चालत असेल तर आणखी सहा. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो, म्हणून भाकरी आणि उसळ ही जोडी तुटू देऊ नका.

उपवासाला साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही घ्या. हिमोग्लोबिन कमी निघाल्यास ते भरून येईपर्यंत आठवड्यातला एक उपवास बंद ठेवा. देव समजून घेईल, आणि घरच्यांना डॉक्टरांचे नाव सांगा.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते मात्र ‘सगळ्यांचे झाल्यावर’ हे शब्द. पाचपासून साडेदहापर्यंत साडेसतरा तास झाले आणि त्यानंतर झोपेला जेमतेम साडेसहा तास उरतात, जिथे प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. ही उणीव कोणत्याही उसळीने भरून निघणार नाही. भाकऱ्या आधी थापून ठेवा आणि आठ-साडेआठला सगळ्यांबरोबर पानावर बसा. गरम भाकरीचा आग्रह ज्याचा असेल त्याने तव्याशी उभे राहावे. भाजी निवडणे, पाण्याच्या बाटल्या भरणे आणि डबे घासणे ही कामे रात्रीच नवरा आणि मुले यांच्यात वाटून द्या. पहिले आठ दिवस कुरकुर होईल, ती ऐकून घ्या आणि वाटणी मात्र बदलू नका.

प्रश्न : मी शिक्षिका असून रोज एसटीने मोहोळ तालुक्यातील शाळेत जाते. तिथे स्वच्छतागृहाची सोय नसल्यामुळे दिवसभर पाणी जवळजवळ पीतच नाही. उन्हाळ्यात डोके दुखते आणि लघवीला जळजळ होते.
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : जळजळ होत असल्यास आधी लघवीची तपासणी करून घ्या, थंडी-ताप किंवा कंबरदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणे या दोन्हींमुळे जंतुसंसर्ग वाढतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा आहे. घरून निघण्याच्या तासभर आधी दोन पेले पाणी प्या आणि लघवीला जाऊनच एसटी पकडा. शाळेत घोटघोट पाणी घ्या, जेवणाबरोबर ताक घ्या. रक्तदाब असेल तर ताकात मीठ घालू नका. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. स्वच्छतागृहाची मागणी मात्र शाळेतील सर्व शिक्षिकांनी मिळून, मुलींचाही उल्लेख करून, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या आणि तिची पोच घ्या.