लेक म्हणते, डॉक्टर नको, राजम्यावर संशोधन करायचंय

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावीत, बायोलॉजी घेतलेली, नीटचा क्लास चालू. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिनं गच्चीवर कुंड्यांत चित्रा राजमा आणि जम्मूचा बारीक लाल राजमा लावला आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, 'मला नवे वाण काढायचं शिकायचंय.' बाबांचं म्हणणं, एवढे मार्क मिळवणारी मुलगी शेतीला कशाला घालायची? आईचे प्रश्न तीन: यात नोकरी आहे का, नीट सोडायची का, आणि उन्हातलं काम तिला झेपेल का?

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलीला जो विषय आवडलाय, त्याला वनस्पती प्रजनन आणि आनुवंशिकी म्हणतात. राजम्यापासून तिथे पोचणं तर फारच योग्य. 'जीन' हा शब्द 1909 मध्ये ज्यांनी रूढ केला, त्या डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी आपले मूळ प्रयोग राजम्याच्याच दाण्यांवर केले होते. एकाच शुद्ध वाणातले मोठे दाणे आणि बारीक दाणे वेगवेगळे पेरले, तर पुढच्या पिढीत दोन्हींची सरासरी सारखीच आली. म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रत्येक फरक रक्तातला नसतो. काही फरक खताचा, पाण्याचा, कुंडीच्या जागेचा असतो. प्रजननकार जन्मभर हेच वेगळं करत बसतो. म्हणून तिला आजच सांगा, गणित आणि संख्याशास्त्राचा कंटाळा करून चालणार नाही.

काम किती खरं आहे ते बघा. राजम्याला उष्णता सोसत नाही. रात्री तापल्या की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. कोलंबियातल्या सिआत या संस्थेचे शास्त्रज्ञ वाळवंटी भागातल्या टेपरी नावाच्या भावकीतल्या कडधान्याचा उष्णता सोसण्याचा गुण राजम्यात आणताहेत. साध्या राजम्यात किलोमागे साधारण 50 मिलिग्रॅम लोह असतं, ते 90 च्या आसपास नेलेले वाण रवांडातले शेतकरी लावतात. राजम्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, 2014 मध्ये जाहीर झाला. पानांवर चट्टे पाडणाऱ्या मोझॅक व्हायरसला दाद न देणारा जीन रोपात आला की नाही, हे आता पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून कळतं, रोग पडायची वाट बघावी लागत नाही. तरीही दोन वाणांचा संकर केल्यापासून एकसारखं बियाणं हाती यायला सहा-सात पिढ्या जातात, त्यानंतर ठिकठिकाणच्या चाचण्या. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

तिला हे खरंच हवंय का, ते याच हिवाळ्यात घरी कळेल. दोन्ही राजमे पुन्हा लावू द्या. उद्या उमलेल अशी टपोरी कळी सकाळी धरायची, पाकळ्या हलकेच सोडवायच्या. आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली पाकळी असते, ती काढून दहाही पुंकेसर चिमट्यानं खुडायचे. मग दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलातलं परागानं माखलेलं कुक्षीटोक (स्त्रीकेसराचा पराग धरणारा शेंडा) आणून या कळीच्या कुक्षीला घासायचं आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. बऱ्याच कळ्या गळतील. एखादी शेंग धरली, तरी आतले दाणे आईच्या, म्हणजे जिच्यावर कळी होती त्या झाडाच्या, वाणासारखेच दिसतील आणि ती म्हणेल, संकर फसला. तसं नसतं. दाण्याचं साल त्या आई-झाडाच्या पेशींचं असतं, संकराचा रंग त्या दाण्याच्या झाडाला लागलेल्या शेंगांत दिसतो. हे ऐकून तिनं तो दाणा जपून पुन्हा पेरला, तर माझ्याकडून तिला शंभर टक्के होकार. कंटाळून ठेवून दिला, तर बोलू आपण.

आता बाबांसाठी. चार वर्षांचं बीएस्सी ॲग्रिकल्चर, दोन वर्षांचं एमएस्सी, मग तीन-चार वर्षं पीएचडी. एमबीबीएस आणि एमडी धरलं तर तिथेही साधारण इतकीच वर्षं जातात. आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, प्रवेश परीक्षेत वरचा नंबर आला तर एमएस्सीला शिष्यवृत्ती असते. पुढे कृषी संशोधन सेवेची परीक्षा, विद्यापीठं, बियाणं कंपन्या. मात्र फक्त राजम्याच्या जागा देशात थोड्या आहेत: कानपूरची कडधान्य संस्था, अल्मोडा, काश्मीर, वाराणसीची भाजीपाला संस्था. म्हणून तिनं पिकाचा हट्ट धरू नये. प्रजननाची विद्या शिकावी, ती कुठल्याही पिकाला लागू पडते. आणि या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात हो! सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरलाच आहे, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्रही इंदूरला, हरभऱ्याचं काम जवळच सीहोरला. ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाचं कॉलेज तर घरापासून रिक्षानं जाण्यासारखं.

नीट सोडायची घाई नको. या वर्षी नीटबरोबर राज्याची कृषी प्रवेश परीक्षा पीएटी आणि आयसीएआरच्या जागांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षाही द्यावी. अभ्यास बराचसा तोच आहे. विषयांच्या अटी मात्र यंदाच्या नोटिशीत स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. आणि मेडिकलला नंबर लागला तर? त्या दिवशी निर्णय तिचा असू द्या, ताई. मनाविरुद्ध डॉक्टर केलेली मुलं माझ्याकडे तिशीत येतात, तेव्हा वाटा फार अरुंद झालेल्या असतात.

उन्हाचं म्हणाल तर पेरणी, नोंदी, काढणी शेतातच होते, त्यातून सुटका नाही. पण निम्मं काम प्रयोगशाळेत आणि कॉम्प्युटरवर आहे, आणि कृषी कॉलेजांत आज मुलींची संख्या चांगली आहे. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मात्र तिनंही ठरवू नये. शाळेच्या प्राचार्यांकडून पत्र घ्या आणि गव्हाला ओंब्या येतात तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, गव्हाच्या केंद्रावर भेटीची परवानगी मागा. बाबांनाही बरोबर न्या. संकराच्या ओंब्यांवर चढवलेल्या कागदी पिशव्या आणि त्यांवरच्या तारखा तिथे बघायला मिळतील. तिला विचारायचं ते तिथल्याच शास्त्रज्ञांना विचारू दे, तुम्ही मध्ये बोलू नका.