देखरेख बहिणीची, बंगला भावाचा. गळक्या स्विमिंग पूलची जबाबदारी कोणाची?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. नाशिकच्या त्याच्या बंगल्याच्या परसात त्याला स्विमिंग पूल बांधायचा होता. मी जवळच राहते, म्हणून सगळं काम माझ्या देखरेखीखाली झालं. लेखी करार केला नाही. कंत्राटदाराने व्हॉट्सॲपवर १८ लाखांचं कोटेशन पाठवलं, बिलं माझ्या नावाने काढली. पैसे मात्र भावाच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं बँक खातं) खात्यातून गेले. आजवर साडेचौदा लाख दिले आहेत. मे २०२५ मध्ये पूल भरला. दिवाळीनंतर पाणी रोज उतरू लागलं, तळाच्या टाइल्स पोकळ वाजू लागल्या आणि शेजाऱ्यांच्या कंपाउंड वॉलला ओल आली. कंत्राटदार म्हणतो, 'ताई रोज उभ्या राहून काम करून घेत होत्या, स्किमरची (पाण्यावरची पानं-कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाची) जागाही त्यांनीच बदलायला लावली. गळतीची जबाबदारी त्यांची.' उरलेले साडेतीन लाख तो माझ्याकडे मागतो आणि पोलिसांत जाण्याची धमकी देतो. महापालिकेची परवानगी लागत नाही, असंही त्यानेच सांगितलं होतं. भाऊ नाराज आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या मनावरचं ओझं आधी कमी करते. कामावर देखरेख ठेवणं म्हणजे त्या कामाची हमी घेणं नव्हे. मालकाने किंवा त्याच्या माणसाने साइटवर जावं, काम बघावं, चुकतंय असं वाटलं तर बोलावं, हा त्याचा हक्क आहे. त्यामुळे कंत्राटदाराचं कौशल्य आणि त्याची जबाबदारी तुमच्या खांद्यावर येत नाही. पैसे त्या कौशल्याचेच दिले होते.

स्किमरचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण समोरचा वकील त्यावरच भर देईल. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या माहितीत लिहिलं आहे की, आंब्याची पानं वाऱ्याने एका कोपऱ्यात साचतात म्हणून स्किमर त्या बाजूला घ्यायला तुम्ही सांगितलं. तोवर भिंतीचं काँक्रीट होऊन गेलं होतं. मग मिस्त्रीने भिंत फोडून स्किमर बसवला आणि भोवती सिमेंट भरलं. जुन्या काँक्रीटला नवीन माल आपोआप एकजीव होत नाही. तो सांधा नीट तयार करून, योग्य सामान वापरून बंद करावा लागतो, नाहीतर पाणी तिथूनच वाट काढतं. हे तुम्हाला माहीत असणं अपेक्षित नाही, त्याला असायलाच हवं. तुम्ही जागा सुचवली. ती कशी करायची, की करायचीच नाही, हे ठरवणं त्याचं काम होतं. 'इथे फोडलं तर गळेल, मी हमी देणार नाही' असं त्याने तेव्हा लिहून कळवलं असतं आणि तरीही तुम्ही आग्रह धरला असता, तर तुमची बाजू नक्कीच कमजोर झाली असती. तसा एकही मेसेज नाही, असं तुम्ही म्हणता. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. तुम्ही, भाऊ आणि कंत्राटदार अशा तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचून खात्री करून घ्या.

आता साडेतीन लाखांचं. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २३० सांगतं की, दुसऱ्यासाठी करार करणारा प्रतिनिधी साधारणपणे स्वतः त्या कराराने बांधला जात नाही. याला अपवाद आहेत. मूळ मालक कोण हे लपवलं असेल, तर प्रतिनिधीवर जबाबदारी येऊ शकते. तुमच्या बाबतीत लपवलं काय? बंगला भावाचा, पैसे भावाच्या खात्यातून, आणि ग्रुपमध्ये भाऊ स्वतः टाइल्सचा रंग निवडतो आहे. बिलावर तुमचं नाव घातल्याने हे सगळं पुसलं जात नाही. शिवाय ज्याने स्वतःचं काम धड पूर्ण केलं नाही, त्याला उरलेली रक्कम सरसकट मागता येत नाही. तरी पैसे नुसते अडवून गप्प बसू नका. गळतीमुळे रक्कम रोखली आहे, हे भावाने लेखी कळवलं पाहिजे. न कळवता अडवलेले पैसे नंतर थकबाकीसारखे दिसतात. पोलिसांच्या धमकीला घाबरू नका. कामाच्या दर्जावरून पैसे रोखणं हा दिवाणी वाद आहे. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असावा लागतो.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे नाशिकलाच, करता येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत गृहबांधणी येते आणि घराच्या परसातला पूल त्याच कामाचा भाग आहे, असं मी मांडेन. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यात शुल्क फक्त ४०० रुपये आहे. तक्रारदार भावाला करा. सेवा तुम्ही घेतली असं कंत्राटदाराने म्हटलं, तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही कायद्याने ग्राहकच असतो, त्यामुळे भावाची तक्रार टिकते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मात्र मला थबकायला लावलं. 'भाऊ नसेल तेव्हा बंगला शनिवार-रविवार भाड्याने द्यायचा विचार होता.' व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या निकालात सांगितलं आहे की, व्यवहाराचा मुख्य हेतू काय होता हे पाहायचं. पूल कुटुंबासाठी बांधला आणि आजवर बंगला कोणालाही भाड्याने दिला नाही, असं असेल तर मला अडचण दिसत नाही. पण जाहिरात टाकली असेल, आगाऊ बुकिंग घेतलं असेल, तर मला आधीच खरं काय ते सांगा. मग आपण दिवाणी न्यायालयात जाऊ. तिथे मुदत ३ वर्षांची आहे, ग्राहक आयोगात २ वर्षांची. गळती दिवाळीनंतर दिसली म्हणून तिथून मोजता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. मे २०२७ च्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे असं धरून चाला. नोटिसा आणि बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही. 'करतो, करतो' म्हणत मुदत निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं.

भावाने तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावं. अमेरिकेत नोटरीपुढे सही करून त्यावर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी साक्षांकनाचा शिक्का) घ्यावं किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं. ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. मुखत्याराला मालकाच्या मनातल्या गोष्टींची साक्ष देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात म्हटलं आहे, आणि पुष्कळ मुखत्यार तिथेच अडकतात. तुमचं उलट आहे. भिंत फोडताना समोर तुम्ही होतात, भाऊ नव्हता. ज्या देखरेखीचा कंत्राटदार आज तुमच्यावर आरोप करतो आहे, तिच्यामुळेच तुम्ही या प्रकरणातल्या सर्वात महत्त्वाच्या साक्षीदार आहात.

भावाला दाखवायला तुम्ही रोज संध्याकाळी काढलेले व्हिडिओ जपा. व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत दाबून लहान (कॉम्प्रेस) केलेली असते. मूळ फाइल फोनमध्ये आहे ती तशीच ठेवा, आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते मी तयार करून देईन, पण त्यासाठी फोन हवा.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं : पूल रिकामा करू नका. तुम्ही लिहिता की दुसऱ्या एका ठेकेदाराने पाणी काढून टाइल्स उखडायला सांगितलं आहे. आत्ता नको. टाइल्स उखडल्या की पुरावा गेला. शिवाय पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर आली की रिकाम्या पूलला खालून दाब बसतो, तो उचलला जाऊ शकतो, तडकू शकतो. बंगल्याभोवती काळी माती आहे, ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. नवा तडा गेला की कंत्राटदार त्याच्याकडेच बोट दाखवेल.

आधी गळती मोजून घ्या. त्यासाठी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा, जो या कंत्राटदाराच्या किंवा नव्या ठेकेदाराच्या ओळखीतला नसेल. त्याच्यासमोर बादलीची चाचणी करा. पूल नेहमीच्या पातळीपर्यंत भरायचा. एक बादली पूलच्याच पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवायची की आतलं आणि बाहेरचं पाणी एकाच उंचीवर राहील. बादलीच्या आत एक खूण, बाहेर एक खूण. पंप बंद ठेवून २४ तास थांबायचं. वाफ होऊन जाणारं पाणी दोन्हीकडून सारखंच जातं. बाहेरचं जास्त उतरलं तर तेवढी गळती. मग हीच चाचणी पंप चालू ठेवून पुन्हा करायची. पंप चालू असताना पाणी जास्त उतरलं तर संशय पाइपलाइनवर येतो. दोन्ही वेळा सारखंच उतरलं, तर बहुधा भिंत, तळ किंवा स्किमरचा सांधा. स्किमरजवळ रंगीत द्रव सोडला की तो आत ओढला जातो का, हेही इंजिनिअर पाहील. चाचणीच्या दिवशी पाऊस नको, कोणी पोहायला उतरायला नको. खुणांचे फोटो तारखेसह काढा आणि शेजारच्या दोघांना साक्षीदार म्हणून बोलवा. कंत्राटदारालाही दिवस-वेळ लेखी कळवा. आला तर उत्तम, नाही आला तर तेही नोंदवा. स्किमर दोषी ठरतो की तळ, यावर तुमच्या विरुद्धचा त्याचा मुद्दा उभा राहील किंवा कोसळेल. तळच गळत असेल, तर स्किमर कुठे बसवला हा प्रश्नच उरत नाही.

अहवाल हातात आला की त्याच्यासह स्पीड पोस्टने नोटीस जाईल : पंधरा दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करा, अन्यथा दुसऱ्याकडून करून खर्च वसूल करू. ही संधी देणं आवश्यक आहे. करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाई देतं, पण नुकसान आवरण्यासाठी तुम्ही वाजवी प्रयत्न केलेत का, हेही पाहतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, आणि सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सची मागणी करता येते. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने म्हटले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तशी मनाची तयारी ठेवा.

परवानगीबाबत कंत्राटदाराने तुम्हाला चुकीचं सांगितलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दात जमिनीवरचं आणि जमिनीखालचंही अभियांत्रिकी काम येतं. मंजूर नकाशात पूल नसेल तर महापालिका कलम ५३ खाली नोटीस काढू शकते. विनापरवाना कामासाठीची कलम ५२ ची शिक्षा मालकापुरती नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्यालाही ती लागू होते. म्हणजे कंत्राटदार यातून सुटत नाही, पण देखरेख करणाऱ्या म्हणून तुमचंही नाव ओढलं जाऊ शकतं. म्हणून नोटिशीची वाट न पाहता भावाने आर्किटेक्टमार्फत नगररचना विभागात सुधारित नकाशा दाखल करावा. परवानगी नव्हती म्हणून खराब कामाची भरपाईच मिळणार नाही, असं मला वाटत नाही. पण समोरच्याच्या हातात ते आयतं हत्यार कशाला द्यायचं?

शेजाऱ्यांशी आजच बोला. इंग्लंडमधल्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या निकालात एका गिरणीमालकाने कंत्राटदारांकडून जलाशय बांधून घेतला आणि त्याचं पाणी जुन्या बुजलेल्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. चूक कंत्राटदारांची, तरी भरपाई मालकाला द्यावी लागली. हे तत्त्व आपली न्यायालयंही मानतात. तेव्हा 'आमच्या कंत्राटदाराला विचारा' हे उत्तर शेजाऱ्यांना देता येणार नाही. भिंतीची ओल इंजिनिअरकडून याच फेरीत तपासून घ्या, दुरुस्तीची तयारी दाखवा. तो खर्च आपण कंत्राटदाराकडून मागू.

भावाला हे उत्तर जसंच्या तसं पाठवा. कंत्राटदाराने तुमच्याकडे सहीसाठी दिलेला कागद मी वाचला. 'काम समाधानकारक झाले, यापुढे कोणतीही तक्रार नाही' या ओळीवर सही करू नका, दुरुस्ती करून देण्याच्या बदल्यातही नाही. त्याला दुरुस्ती करायची असेल तर जरूर करू द्या. आधी चाचणीचा अहवाल येऊ द्या, काम त्या इंजिनिअरच्या नजरेखाली होऊ द्या, आणि कागदावर 'आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून' हे शब्द भावाच्या सहीने असू द्या.