आगीत होरपळलेले कॉलम आणि गिलाव्याचा घाईचा उपाय

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुचाकींना आग लागून तीन कॉलमांचे काँक्रीट उडाले आणि सळया उघड्या पडल्या. खड्डे पॉलिमर मॉर्टरने भरून गिलावा केला की पुरे, असे कंत्राटदार सांगतो. ते योग्य आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : योग्य नाही, आणि कृपया त्याला काम सुरू करू देऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सांगण्यानुसार त्या कॉलमांभोवतीच्या बीमना लोखंडी टेकू द्या, कारण वरच्या सर्व मजल्यांचा भार आजही याच कॉलमांवर आहे.

त्यानंतर उष्णता किती खोल गेली, हे शोधावे लागते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे काँक्रीट बहुधा गुलाबी पडते आणि ६०० अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद गेलेली असते. परंतु ही छटा खडीवर अवलंबून असल्याने केवळ रंगावर विसंबू नये, अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून केलेली तपासणी) करावी आणि कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापलेले दंडगोल नमुने, काढून तपासावेत. सळयांचे नमुनेही प्रयोगशाळेत ताणून पाहावेत. साध्या गरम-रोल केलेल्या सळया ६०० अंशांपर्यंत तापल्या तरी थंड झाल्यावर बहुतांश ताकद परत मिळवतात, मात्र जुन्या इमारतींतील पीळ दिलेल्या सळया ४५० अंशांच्या पुढे ती कायमची गमावू लागतात.

नुकसान कव्हरपुरतेच, म्हणजे सळयांवरच्या काँक्रीटच्या थरापुरतेच असेल, तर भुसभुशीत भाग काढून मॉर्टरने भरणे चालू शकते. रिंगांच्या (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळयांच्या) आतले काँक्रीटही दुबळे झाले असेल, तर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचे आवरण हवे: खराब काँक्रीट छिन्नीने काढणे, नव्या उभ्या सळया पायापर्यंत नेऊन बांधणे, जवळजवळ रिंगा घालणे आणि मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, सहज वाहणारे काँक्रीट) ओतणे. आयएस १५९८८ : २०१३ या मानकानुसार जॅकेटची जाडी किमान १०० मिलिमीटर असावी. यातली सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट अशी, की भार न उतरवता घातलेले जॅकेट प्रामुख्याने नंतर येणाराच भार उचलते आणि जुना भार भाजलेल्या गाभ्यावरच राहतो. टेकूंचा आग्रह आहे तो यासाठीही.

कार्बन फायबर गुंडाळण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्यातील इपॉक्सी (कापड चिकटवणारे रसायन) साधारण ६० ते ८० अंशांतच मऊ पडते, त्यामुळे पुन्हा वाहनेच उभी राहणाऱ्या जागी अग्निरोधक आवरणाशिवाय तो उपाय मी सुचवणार नाही. टेकू काढण्याचा दिवसही कंत्राटदाराच्या सोयीने ठरू नये. मायक्रोकाँक्रीटच्या क्यूबचे (ताकद तपासण्यासाठी ओतलेल्या ठोकळ्यांचे) निकाल पाहून इंजिनिअरने तो लेखी कळवावा.