मातीचा वास आणि मागून पडलेली मिठी

प्रश्न: किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचं माळवद कोसळलं, दिवस वर आल्यावर मला ओढून काढलं. आता मृगाचा पहिला पाऊस आला की सगळे म्हणतात, काय छान वास सुटलाय! मला मात्र गुदमरायला होतं. लेकीने मागून गळ्यात हात टाकले तरी मी झटकून टाकते. सासूबाई म्हणतात, एवढ्या वर्षांनी कसली भीती, थेरं सगळी.
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर: ताई, थेरं मुळीच नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. विसर्जन उरकून झोपलेल्या माणसांवर दगडमातीच्या भिंती आणि जाडजूड माळवदं आली. तुमच्या नाकातोंडात गेली ती मातीच.

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातं. वासाला हा थांबा नाही. तो भीती जागवणाऱ्या अमिग्डालापर्यंत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून ‘हा नुसता पाऊस आहे’ हे उमगायच्या आतच छाती धडधडू लागते. त्यात भिजल्या मातीचा वास जिओस्मिन नावाच्या ज्या रसायनामुळे येतो, त्याचा लवलेशही आपलं नाक टिपतं. मराठवाड्यात राहून तो टाळणार तरी कसा? आणि टाळत राहिलं की भीती मुरत जाते.

स्पर्शाचं थोडं निराळं. हात येताना दिसला तर मेंदू तयारीत असतो. मागून अचानक मानेवर वजन आलं की शरीर आधी सुटका करून घेतं, मग कळतं की लेक आहे. तिला हे सरळ सांगा. हाक मार, समोरून ये, आधी हात धर. तुमची माया कमी आहे, असं तिला वाटता कामा नये.

यावर उपचार आहेत. समुपदेशकासोबत हळूहळू सराव करतात: भर दिवसा, दार उघडं ठेवून, वाटीभर माती, तिच्यावर चार थेंब पाणी. जीव घाबरला तरी लगेच पळायचं नाही, भीती ओसरेपर्यंत बसायचं. एकटीने मात्र सुरू करू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

सासूबाई त्याच भागातल्या असतील तर त्या पहाटेबद्दल त्यांनाही एकदा विचारा. ‘थेरं’ म्हणणाऱ्या कित्येकांनी स्वतःचं कधीच कुणाला सांगितलेलं नसतं, हे मी दवाखान्यात फार पाहिलंय. त्या तयार झाल्या तर दोघी मिळूनच फोन लावा.